विश्लेषण : कलावंताच्या दवाखान्याचे बिल क्यूआर कोडवर का येते?

व्हॉट्सॲप ग्रुप आणि यूपीआयमुळे आजारी गायक-वादकासाठी दोन दिवसांत मोठी रक्कम उभी राहू शकते. पण ही मदत कोणापर्यंत पोहोचते, कोणाला वगळते आणि परभणीसारख्या जिल्ह्यात तिच्या जोडीला काय हवे, याचा हा आढावा.

मदतीचे आवाहन आता कसे फिरते?

खाटेवरच्या कलावंताचा फोटो, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या खर्चाच्या अंदाजाचे पान आणि मुलाच्या खात्याचा क्यूआर कोड. खाली एक ओळ असते : ‘यांनी आपल्या गावच्या जयंतीला गाणे म्हटले होते, ओळखले का?’ ही ओळ वाचून मग पैसे येऊ लागतात. कुणी ५१ रुपये पाठवतो, कुणी ५०१. पुण्यात कंपनीत काम करणारा गावचा पोरगा दोन हजार टाकतो आणि मेसेज आणखी तीन ग्रुपवर ढकलतो.

गावात हेच काम पूर्वी वर्गणीच्या वहीने होई. वही घेऊन चार माणसे दारोदार जात आणि कोणी किती दिले हे सगळ्यांना दिसत असे. मोबाइलने त्या वहीची पोहोच वाढवली. गंगाखेडच्या गायकासाठी आता पिंपरी-चिंचवडमधून, हैदराबादमधून, आखातातूनही वर्गणी येऊ शकते. अनोळखी रसिकांनी उभे केलेले हे पैसे अनेक घरांना खरोखर तारून नेतात. त्यामुळे ऑनलाइन मदतीला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र कलावंत आजारी पडला की समाजाकडे दुसरा उपायच नसावा, हे चांगले लक्षण नाही.

महाराष्ट्रात हे नवे आहे का?

अजिबात नाही. तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे १५ जानेवारी २००२ रोजी निधन झाले. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली, उभ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतलेली ही कलावती अखेरच्या दिवसांत पैशांच्या विवंचनेत होती. रुग्णालयाचे त्यांचे बिल देणगीदारांच्या मदतीतून भागवावे लागले. पुढे २००६ मध्ये राज्य सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार योग्यच आहे. पण त्याआधी जे बिल वर्गणीतून भरावे लागले, त्याचा विसर पडू नये.

दुसरे उदाहरण २०२३ मधले. कोपरगावच्या बसस्थानकावर एक वृद्ध महिला लावणी सादर करत असल्याचा व्हिडीओ समाजमाध्यमांवर पसरला. त्या एकेकाळी गाजलेल्या तमाशा कलावंत शांताबाई कोपरगावकर होत्या. व्हिडीओ पसरल्यानंतर मदतीचे हात पुढे आले आणि शिर्डीतील वृद्धाश्रमात त्यांची सोय झाली.

या दोन घटनांमध्ये २१ वर्षांचे अंतर आहे. मधल्या काळात मोबाइल घरोघरी पोहोचला, स्वस्त इंटरनेट आले, यूपीआय आले. घटनांचा क्रम मात्र बदलला नाही. कलावंत आधी कोसळतो, मग तो लोकांच्या नजरेस पडतो आणि त्यानंतर मदत येते. शांताबाईंचा व्हिडीओ कोणी काढला नसता तर काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे.

कलावंताच्या हाती पैसा उरत का नाही?

परभणी जिल्ह्याला गाण्या-वाजवण्याची मोठी परंपरा आहे. संत जनाबाईंचे गंगाखेड याच जिल्ह्यातले. गोंधळमहर्षी म्हणून ओळखले गेलेले राजारामभाऊ कदम परभणीचे. आजही गोंधळी, वासुदेव, भारूडकार, सप्ताहात साथ करणारे मृदंगवादक, भीमगीते गाणारे गायक, उरुसातले कव्वाल, लग्नातले बँडवाले आणि ऑर्केस्ट्रातले कीबोर्डवादक यांची घरे याच कामावर चालतात. त्यांच्या मागे कंपनी नसते, संस्था नसते. आजच्या भाषेत सांगायचे तर हे सगळेच ‘इंडिपेंडंट’ संगीतकार आहेत.

त्यांची कमाई हंगामी असते. लग्नसराई, एप्रिलमधली जयंती, नवरात्रातले गोंधळ, यात्रा-उरूस आणि हरिनाम सप्ताह या काळात सुपाऱ्या मिळतात. पावसाळ्यात हात रिकामे राहतात. सुपारी ठरताना थोडा इसार मिळतो. उरलेली बिदागी कार्यक्रमानंतर आणि पुष्कळदा घासाघीस करून हाती पडते. पगाराची स्लिप नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, कामगार विमा नाही. २०२० आणि २०२१ च्या टाळेबंदीत सलग दोन हंगाम बुडाले, तेव्हा ज्यांनी उसनवारी केली त्यांना सावरायला पुढची काही वर्षे लागली.

यूट्यूबवर गाणी टाकून पैसे मिळतात, असा एक समज आहे. तिथे जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी साधारणपणे एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तासांचा वॉच टाइम लागतो. तो टप्पा गाठल्यावरही दवाखान्याचे बिल भरण्याइतकी कमाई फार थोड्यांच्या हाती येते. पूर्वी कॅसेट कंपन्यांकडून एकरकमी पैसे घेऊन हक्क सोडून दिलेल्या गायकांना तर त्यांचेच गाणे लाखो वेळा वाजले तरी काही मिळत नाही.

परभणीत आजारपण जास्त महाग का पडते?

परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते २०२३ मध्ये, तेही परभणीकरांच्या दीर्घ आंदोलनानंतर. ते उभे राहत असले तरी हृदय, मेंदू, कर्करोग किंवा मूत्रपिंडाच्या गुंतागुंतीच्या उपचारांसाठी रुग्णाला आजही नांदेड, छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा हैदराबादची वाट धरावी लागते.

तिथे रुग्णालयाच्या बिलाखेरीज दुसरे एक बिल सुरू होते. ॲम्ब्युलन्सचे भाडे, सोबत आलेल्या दोघांचे जेवण, मुक्काम, बाहेरून आणायची औषधे आणि दर पंधरा दिवसांनी तपासणीसाठी प्रवास. देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे, पण शंभरातले चाळीस रुपये अजूनही रुग्णाच्याच खिशातून जातात.

वादकाच्या बाबतीत त्यात आणखी एक भर पडते. संबळ वाजवणाऱ्याचा हात मोडला किंवा गायकाच्या घशाची शस्त्रक्रिया झाली, तर डिस्चार्ज मिळाल्यावरही काम लगेच सुरू होत नाही. हात आणि गळा हेच त्याचे भांडवल असते. एक हंगाम हुकला की पुढच्या हंगामाची सुपारी दुसऱ्याला गेलेली असते.

ऑनलाइन मदत कुठे अडते?

पहिली अडचण निवडीची. मेसेज पसरतो तो ज्याचा चेहरा ओळखीचा आहे त्याचा. गायकाचे गाणे लोकांना आठवते, त्याच्या मागे बसलेल्या ढोलकीवाल्याचे नाव आठवत नाही. ज्याचा मुलगा स्मार्टफोन नीट वापरतो, ज्याची पोस्ट एखादा लोकप्रिय माणूस शेअर करतो, त्याला पैसे मिळतात. आजार किती गंभीर आहे याच्याशी या निवडीचा फारसा संबंध नसतो. पालममधला वयस्क वासुदेव आणि परभणी शहरातला ऑर्केस्ट्रा गायक यांना सारखाच आजार झाला, तरी दोघांच्या आवाहनांना सारखा प्रतिसाद मिळणार नाही.

दुसरी अडचण हिशेबाची. ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्लीच्या मालवीय नगरमधील ‘बाबा का ढाबा’चा व्हिडीओ देशभर गाजला. मदतीचा ओघ लागला आणि काही आठवड्यांतच जमलेल्या रकमेवरून वाद होऊन प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. पैसे कोणाच्या खात्यात आले, किती आले, किती पोहोचले, हे आधीच ठरले नाही तर चांगल्या हेतूने सुरू झालेले कामही संशयात सापडते. त्यानंतरच्या खऱ्या गरजूला लोक हात आखडता घेऊन देतात.

तिसरी अडचण कराची. ती बहुतेकांना माहीत नसते. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली एकूण रक्कम ५० हजार रुपयांच्या पुढे गेली, तर आयकर कायद्यानुसार ती सर्वसाधारणपणे घेणाऱ्याचे उत्पन्न धरली जाऊ शकते. शिवाय व्यक्तीच्या खात्यात थेट दिलेल्या पैशांवर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेमार्फत किंवा थेट रुग्णालयाच्या खात्यात पैसे गेले तर हिशेब स्वच्छ राहतो. मिलाप (२०१०), केट्टो (२०१२) यांसारखे देशी क्राउडफंडिंग मंच यासाठी उपयोगी पडतात. मात्र त्यांचे शुल्क आणि पैसे काढण्याच्या अटी आधी वाचून घ्यायला हव्यात.

चौथी अडचण मानाची. ज्याने आयुष्यभर मंचावर फेटा बांधून गाणे म्हटले, त्याचा नाकात नळी घातलेला फोटो शेकडो ग्रुपवर फिरतो. तो बरा होऊन परत येतो तेव्हा लोकांच्या डोळ्यांसमोर तोच फोटो असतो. त्याला विचारल्याशिवाय असा फोटो टाकू नये, एवढे पथ्य तरी पाळता येईल. मंचावरचा जुना फोटोही तेच काम करतो.

क्यूआर कोड टाकण्याआधी कोणते दरवाजे ठोठवावेत?

महाराष्ट्रात मदतीचे दरवाजे कमी नाहीत. अडचण अशी, की ते ठरावीक क्रमाने आणि वेळेत उघडावे लागतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना : राज्यातील सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांसाठी ही योजना आहे. २०२३ च्या निर्णयानुसार तिचे संरक्षण दीड लाखावरून वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपये झाले आणि ती आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. त्या निर्णयानुसार १,३५६ प्रकारचे उपचार तिच्यात आले. योजना कॅशलेस आहे. ती फक्त अंगीकृत रुग्णालयात चालते आणि उपचारांना मंजुरी आधी घ्यावी लागते. नेमके इथेच घोडे अडते. घरचे लोक घाईत जवळच्या, योजनेत नसलेल्या खासगी रुग्णालयात जातात, डिपॉझिट भरतात आणि पैसे संपले की योजना आठवते. भरलेले बिल नंतर योजनेतून परत मिळेल, अशी आशा धरता येत नाही. रुग्णालय योजनेत आहे का, हे १५५३८८ या हेल्पलाइनवर विचारता येते. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला दाखल होतानाच गाठावे.

आयुष्मान वय वंदना कार्ड : ७० वर्षे व त्यावरील प्रत्येकाला, उत्पन्नाची अट नसलेले हे कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले. वयस्क कलावंतांसाठी ते फार महत्त्वाचे आहे. माहितीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे.

धर्मादाय रुग्णालये : मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने आखलेल्या योजनेनुसार, धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रकमेचा वेगळा निधी असतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत असेल तर रुग्णालयाच्या समाजसेवा अधिकाऱ्याशी बोलणे सोपे जाते.

मुख्यमंत्री सहायता निधी : योजनेत न बसणाऱ्या काही गंभीर आजारांसाठी येथून अर्थसाह्य मिळते. पूर्वी यासाठी मुंबईकडे धाव घ्यावी लागे. २०२५ पासून जिल्हा पातळीवर कक्ष सुरू झाले आहेत.

राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजना : ही आजारपणाची योजना नाही, पण महिन्याच्या औषधांचा आधार आहे. २०२४ पासून मानधन सरसकट ५ हजार रुपये करण्यात आले. मात्र दर जिल्ह्यात वर्षाला १०० जणांचीच निवड होते. अर्ज करताना कलेचे पुरावे लागतात. ज्याने आयुष्यभर पत्रिका, कात्रणे, फोटो जपले नाहीत त्याची इथे अडचण होते.

योजना असताना लोकांनी पैसे का द्यावेत?

कारण योजना शस्त्रक्रियेचा खर्च उचलते, घरची चूल पेटवत नाही. सोबत राहणाऱ्यांचे जेवण, प्रवास, घरचे भाडे, मुलांची फी आणि काम बंद असलेले तीन-चार महिने कोणत्याही सरकारी पॅकेजमध्ये येत नाहीत. रसिकांच्या पैशांची खरी जागा इथे आहे. जे बिल योजनेतून भरले गेले असते, त्यावर लोकांचे तीन लाख खर्च झाले तर घर चालवायला काही उरत नाही. आणि दुसऱ्यांदा केलेल्या आवाहनाला पहिल्याइतका प्रतिसाद मिळत नाही, हे ग्रुप चालवणाऱ्या कोणालाही विचारावे.

परदेशात काय घडले?

अमेरिकेत उपचार अतिशय महाग आहेत. त्यामुळे तिथल्या संगीतकारांवर ही वेळ फार आधी आली. गायिका-गीतकार व्हिक्टोरिया विल्यम्स यांना मल्टिपल स्क्लेरोसिस झाल्याचे निदान झाले, तेव्हा त्यांच्याकडे विमा नव्हता. १९९३ मध्ये पर्ल जॅम, लू रीड अशा कलाकारांनी त्यांचीच गाणी गाऊन ‘स्वीट रिलीफ’ हा अल्बम काढला. विशेष म्हणजे मदत एका व्यक्तीपुरती राहिली नाही. त्याच नावाने संगीतकारांसाठी कायमचा निधी उभा राहिला. १९९६ मध्ये त्या निधीसाठी निघालेल्या दुसऱ्या अल्बममध्ये अपघाताने व्हीलचेअरवर आलेले गायक विक चेस्नट यांची गाणी होती.

तरीही २५ डिसेंबर २००९ रोजी चेस्नट यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या डोक्यावर रुग्णालयाचे मोठे देणे होते. गायिका क्रिस्टिन हर्श यांनी त्यांच्या कुटुंबासाठी इंटरनेटवरून मदत गोळा केली. चाहते होते, निधीही होता, तरी माणूस देण्याखाली दबला. केवळ सहृदयतेने हा प्रश्न सुटत नाही, हे या घटनेने दाखवले.

टेक्सासमधील ऑस्टिन शहराने वेगळा मार्ग धरला. तिथे २००५ मध्ये कमी उत्पन्नाच्या संगीतकारांसाठी आरोग्य आघाडी स्थापन झाली. ती आजारपणाची वाट पाहत नाही. संगीतकाराची नोंद घेते, त्याला विमा मिळवून देते, दवाखान्यांशी जोडून देते. परभणीने शिकावे ते हे.

मग करायचे काय?

ज्या ग्रुपमध्ये दोन दिवसांत लाख रुपये जमू शकतात, त्या ग्रुपमध्ये माणसे आहेत, वेळ आहे आणि इच्छा आहे. ती फक्त संकटाच्या दिवशी वापरली जाते. तीच ताकद वर्षभर वापरायला हवी.

सर्वात आधी यादी हवी. प्रत्येक तालुक्यातल्या दोन-तीन तरुणांनी आपल्या भागातल्या गायक-वादकांची नोंद करावी. रेशनकार्ड ऑनलाइन आहे का, आधारवरचे नाव जुळते का, आयुष्मान कार्ड काढले का, मानधनाचा अर्ज केला का, हे चार प्रश्न विचारावेत. आधारवर एक नाव आणि रेशनकार्डावर दुसरे, एवढ्या कारणाने रुग्णालयाच्या खिडकीवर धावपळ होते. ती दुरुस्ती धडधाकट असताना एका फेरीत होते. जुन्या पत्रिका आणि फोटो मोबाइलवर स्कॅन करून ठेवले, तर मानधनाच्या अर्जासाठी पुरावेही तयार होतात.

दुसरे, लहान पण कायमचा निधी. ५०० जणांनी महिन्याला ५० रुपये दिले तर महिन्याला २५ हजार आणि वर्षाला ३ लाख जमतात. त्यातून पहिल्या दिवसाचा प्रवास, डिपॉझिट आणि घरखर्च भागू शकतो. निधी नोंदणीकृत संस्थेच्या नावे असावा, खात्यावर दोघांच्या सह्या असाव्यात आणि दर महिन्याचा हिशेब ग्रुपवर टाकावा. वर्गणीच्या वहीचा हा जुना गुण मोबाइलवरही टिकवता येतो.

तिसरी जबाबदारी कार्यक्रम ठेवणाऱ्यांची. जयंती, गणेशोत्सव, उरूस, सप्ताह यांच्या समित्यांनी ठरलेली बिदागी त्याच रात्री पूर्ण द्यावी. मंडप आणि साउंडवाल्याचे पैसे आगाऊ जातात, कलावंताचे मात्र ‘बघू उद्या’वर राहतात. हा हिशेब बदलला तर आजारपणाच्या वेळी मदतीचे आवाहन करण्याची गरजच काही प्रमाणात कमी होईल.

चौथी सरकारची. मानधनासाठी जिल्ह्याला १०० ही मर्यादा सगळ्यांना सारखी लावणे योग्य नाही. लोककलावंतांची संख्या जास्त असलेल्या जिल्ह्यांना जास्त जागा मिळायला हव्यात. जिल्हा प्रशासनाने वर्षातून एकदा, पावसाळ्यात सुपाऱ्या नसतात तेव्हा, कलावंतांसाठी तपासणी आणि कागदपत्रांचे एकत्र शिबिर घेतले तरी मोठे काम होईल. रक्तदाब आणि मधुमेह वेळेत कळला तर पुढचे कितीतरी मोठे खर्च टळतात.

पुढचा मेसेज मोबाइलवर येईल तेव्हा पैसे जरूर पाठवावेत. पण त्याखाली तीन प्रश्नही लिहावेत : रुग्णालय योजनेत आहे का? आरोग्यमित्राला भेटलात का? रेशनकार्ड कोणाजवळ आहे? या प्रश्नांची उत्तरे घेऊन कोणी एक जण रुग्णालयाच्या खिडकीवर उभा राहिला, तर ५०१ रुपयांच्या शंभर देणग्यांपेक्षा त्याची मदत मोठी ठरू शकते. विठाबाईंच्या वेळी हे करायला ना हेल्पलाइन होती ना घरोघरी मोबाइल. आता दोन्ही आहेत.